दुखणे बाईचे, हत्यार कुणाचे?

घरातली पन्नाशीची बाई पाण्याची बादली उचलायची वेळ आली की सुनेला हाक मारते. खोकल्याची उबळ आली की भिंतीला टेकून पाय आवळून उभी राहते. कुणी विचारले तर 'काही नाही, कंबर धरलीय' असे सांगून विषय संपवते. खरे काय ते फार तर बहिणीच्या कानात सांगते, 'अंग बाहेर येतंय गं.' मराठी मुलखातल्या बायकांना हे दुखणे अनोळखी नाही. त्याला कुणी अंग बाहेर येणे म्हणतात, कुणी मायांग पडणे. नाव आहे, पण घरातल्या पुरुषांसमोर ते घ्यायची रीत नाही. डॉक्टरांसमोरही नाही.

२०१९ साली मात्र बायकांच्या या झाकल्या दुखण्यांची चर्चा थेट विधिमंडळात झाली. निमित्त होते बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांचे. या बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. दोन्ही पाहण्यांतले वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे मान्य केले, तरी अंतर डोळ्यांत भरण्याइतके मोठे आहे.

ही बातमी वाचून संताप येणे साहजिक होते आणि तो आलाही. मुकादम, कारखानदार, खासगी दवाखाने असे सगळेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. पण संताप ओसरला की एक साधा प्रश्न उरतो. पांढरे जाणे, पाळीत जास्त रक्त जाणे, ओटीपोट दुखणे, अंग बाहेर येणे ही दुखणी आजची नाहीत. मग इतक्या शतकांत त्यांच्यावर पिशवी काढण्यावाचून दुसरा उपाय माणसाने शोधला नाही काय? शोधला होता. त्याचा इतिहास दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि आज बीडमध्ये काय चुकते आहे ते कळायला तो उपयोगी पडतो.

डाळिंब, शिडी आणि कमळाची कळी

गर्भाशय पोटात लोंबत नसते. स्नायूंच्या झोळीवर ते टेकलेले असते आणि बंधांनी धरून ठेवलेले असते. लहान वयातली आणि लागोपाठची बाळंतपणे, प्रसूतीत फार वेळ अडणे, बाळंतपणानंतर लगेच जड ओझी उचलणे, वर्षानुवर्षांचा खोकला यांनी ही झोळी सैल पडते आणि अंग खाली उतरते. आजाराचे मूळ असे यांत्रिक असल्यामुळे त्यावरचा पहिला उपायही यांत्रिकच सुचला. खाली येते आहे, तर वर ढकला आणि टेकू द्या.

प्राचीन ग्रीक वैद्य त्यासाठी अर्धे डाळिंब आत बसवीत. काही वैद्य त्याहून पुढे जात. बाईला शिडीला उलटी बांधून शिडी हलवायची, म्हणजे गर्भाशय आपल्या जागी जाईल, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या शतकात रोममध्ये व्यवसाय करणाऱ्या सोरानस या वैद्याने या उलट्या टांगण्याला विरोध केला आणि लोकरीच्या मऊ बोळ्याचा सौम्य उपाय सांगितला. बाईच्या सोसण्याला उपचारातला एक मुद्दा मानणारे वैद्य तेव्हाही होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आधी पाहावे आणि मग उपचार करावा, ही समजही जुनीच. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहराच्या उत्खननात ब्राँझचे एक तपासणी-यंत्र मिळाले. स्क्रू फिरवला की त्याची पाती हळूहळू उघडतात. नेपल्सच्या संग्रहालयात ते आजही पाहायला मिळते. आपल्याकडे वाग्भटाने 'अष्टांगहृदय' या ग्रंथात अशाच कामाचे यंत्र सांगितले आहे. सोळा अंगुळे लांब, आतून पोकळ, चार भिंतींचे, तोंड कमळाच्या कळीसारखे मिटलेले. मुळाशी शलाका दाबल्या की ती कळी उमलते. चरकाने स्त्रियांच्या या रोगांचे वीस प्रकार केले आणि तेलात भिजवलेला पिचू, म्हणजे कापसाचा बोळा, ठेवायला सांगितला.

'आमच्याकडे सगळे होतेच' असे म्हणून छाती फुगवण्यासाठी हे सांगत नाही. यंत्र ग्रंथात असणे आणि ते गावातल्या बाईपर्यंत पोहोचणे यांत फार अंतर असते. ग्रंथ वैद्यांच्या घरी राहिले आणि बाईच्या वाट्याला सुईणीचा हात आला. तो हात कुशल असेल तर तिचे नशीब.

चमच्यापासून सुरुवात

युरोपात सोळाव्या शतकात आंब्रोझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्याने पितळेच्या आणि मेण लावलेल्या बुचाच्या लंबगोल पेसऱ्या केल्या. पेसरी म्हणजे आत बसवून गर्भाशयाला टेकू देणारे साधन. पण स्त्रीरोगशास्त्र ही वैद्यकाची वेगळी शाखा म्हणून उभी राहिली ती एकोणिसाव्या शतकात, मुख्यतः अमेरिकेत. तिच्या पायाशी एक कुरूप गोष्ट आहे.

अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी गावी जेम्स मॅरियन सिम्स नावाचा डॉक्टर होता. १८४५ साली घोड्यावरून पडलेल्या एका गोऱ्या बाईचे सरकलेले गर्भाशय बसवताना त्याला एक गोष्ट उमगली. बाईला गुडघ्यांवर आणि छातीवर ओणवे ठेवले की आत हवा जाऊन जागा मोकळी होते आणि नीट दिसू लागते. त्याने एक चमचा घेतला, त्याचा दांडा वाकवला आणि आत पाहिले. त्या वाकड्या चमच्यातून निघालेले सिम्सचे स्पेक्युलम आजही प्रत्येक स्त्रीरोग विभागात वापरले जाते.

तो चमचा त्याने वापरला गुलाम स्त्रियांवर. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडून लघवी सतत ठिबकत राहते, असा रोग या बायकांना होता. १८४५ ते १८४९ या काळात सिम्सने त्यांच्यावर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. तिघींची नावे त्याने स्वतः लिहून ठेवली आहेत, अनार्का, लूसी आणि बेट्सी. एकट्या अनार्कावर सुमारे तीस शस्त्रक्रिया झाल्या. ईथरने भूल देण्याचा जाहीर प्रयोग बॉस्टनमध्ये १८४६ साली झाला होता, पण या बायकांना भूल दिली गेली नाही. संमती मालकाची, शरीर बाईचे. अखेर चांदीच्या तारेच्या टाक्यांनी उपाय साधला आणि पुढे जगभरातल्या असंख्य स्त्रियांची त्या नरकातून सुटका झाली. सिम्सचे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कलगत उभे असलेले स्मारक २०१८ साली हलवण्यात आले. शोधाचे मोल मान्य करूनही तो कुणाच्या अंगावर लागला हे विसरू नये, हे समाजाला कळायला पावणेदोनशे वर्षे लागली.

एकशे तेवीस प्रकारच्या पेसऱ्या

त्याच सुमारास फिलाडेल्फियात ह्यू हॉज हा प्राध्यापक पेसरीचा विचार करत होता. गोल कडे टेकू देते, पण मागे कललेले गर्भाशय पुढे कसे आणायचे? एका संध्याकाळी शेकोटीपाशी चिमटा आणि फावडे अडकवायच्या वाकड्या आकड्याकडे पाहताना त्याला तरफेची कल्पना सुचली. घोड्याच्या नालासारखी वाकवलेली त्याची पेसरी जगभर गाजली. रबर कडक करण्याची युक्ती तोवर हाती आल्यामुळे अशी साधने करणे सोपे झाले होते.

साधन सोपे झाले की आजार वाढतात, हा वैद्यकातला जुना अनुभव आहे. कंबर दुखते, डोके दुखते, मन लागत नाही, भूक नाही, बाई चिडचिडी झाली, या सगळ्यांचे खापर कललेल्या गर्भाशयावर फुटू लागले. जो तो डॉक्टर स्वतःच्या नावाची पेसरी काढू लागला. काहींनी तर गर्भाशयाच्या आतच दांडी बसवायला सुरुवात केली. १८६७ साली न्यू हॅम्पशायरच्या वैद्यक संघटनेच्या अध्यक्षांनी आपल्या भाषणात या प्रकाराची यथेच्छ टिंगल केली. एका वैद्यकीय अहवालात एकशे तेवीस प्रकारच्या पेसऱ्यांची चित्रे आहेत, असे त्यांनी सांगितले. आज आपल्याला माहीत आहे, की साधारण पाचांतल्या एका बाईचे गर्भाशय जन्मतःच मागे कललेले असते आणि त्याने तिचे काही बिघडत नाही. म्हणजे नसलेल्या आजारासाठी हजारो बायकांनी अंगात धातू आणि रबर वागवले.

पुढे भूल आणि निर्जंतुकीकरण आले, पोट उघडणे पूर्वीइतके जिवावरचे राहिले नाही. मग टेकू देण्यापेक्षा काढून टाकण्याकडे कल वळला. १८७२ साली जॉर्जियातल्या रॉबर्ट बॅटीने पाळीच्या त्रासावर आणि मनाच्या अस्वस्थतेवर निरोगी बीजकोश काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. पुढची काही दशके ती अनेक ठिकाणी झाली आणि मग डॉक्टरांनाच तिची लाज वाटू लागली.

या इतिहासात दोन चुका आलटून पालटून दिसतात. कधी आजार नसताना हत्यार चालते, कधी आजार असून साधन मिळत नाही. दोन्ही वेळा बाईला नेमके काय होते आहे, हे तिच्याकडून नीट ऐकून घेतलेले नसते.

फिलाडेल्फिया ते मुंबई

हॉज वारला १८७३ साली. त्यानंतर दहा वर्षांनी त्याच फिलाडेल्फिया शहरात कल्याणची एक मुलगी वैद्यक शिकायला गेली. आनंदीबाई जोशी. हिंदुस्थानातल्या बायका पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे उघड करत नाहीत, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, हे तिचे म्हणणे होते. १८८६ साली ती एम. डी. झाली आणि त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. स्त्रियांसाठी आणि तेही स्त्री डॉक्टरांच्या हाती असलेले. पुढच्याच वर्षी आनंदीबाई गेल्या, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पण त्यांनी दाखवलेली अडचण खरी होती. औजार असून चालत नाही, ते ज्या हातात आहे त्या हातापाशी बाई यायला हवी.

विसाव्या शतकात मुंबईने या शास्त्रात मोठी मजल मारली. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा १९५५ साली प्रसिद्ध झालेला टाका जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. गर्भाशयाचे तोंड वेळेआधी उघडून वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रियांना त्या टाक्याने आई होता आले. तरुण बायकांचे अंग बाहेर येत असेल तर पिशवी न काढता ती वर बांधून ठेवण्याच्या शस्त्रक्रियाही शिरोडकरांनी आणि मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांनी काढल्या, आणि त्या दोघांच्या नावांनी पुस्तकांत शिकवल्या जातात. पिशवी वाचवण्यासाठी ज्या प्रांताचे नाव वैद्यकाच्या पुस्तकांत गेले, तोच प्रांत पिशव्या काढण्यासाठी वर्तमानपत्रांत गाजावा, याचा विषाद वाटतो.

हे का घडले, याचे निम्मे उत्तर गडचिरोलीतून १९८९ साली आले होते. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून निष्कर्ष 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता, आणि दर बाईमागे सरासरी साडेतीनहून अधिक. त्यापूर्वी कधीतरी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या आठ टक्के. हे वाचून जगभरच्या आरोग्यतज्ज्ञांनी माना हलवल्या, चर्चासत्रे झाली. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणजे बाळंतपण, नसबंदी आणि लसीकरण, हा आपला ठरलेला साचा बदलला नाही. पाळीचे दुखणे, पांढरे जाणे, अंग बाहेर येणे यांसाठी तिथे जायचे असते, हे बाईला कुणी सांगितले नाही. ती गेलीच तर तपासायला टेबल असेल, स्त्री डॉक्टर असेल, याची खात्री नाही.

कोयत्याचा हिशेब

आता बीडकडे वळू. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि सहा महिने ती फेडायची. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाणी पुरेसे नाही, आडोसा नाही. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढायचे. ओली बाळंतीण असली तरी काम चुकत नाही. झोळी सैल पडायची जी जी कारणे वैद्यक सांगते, ती सगळी इथे एकत्र नांदतात. जंतुसंसर्गाची कारणेही.

अशी बाई अखेर तालुक्याच्या गावी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, असे ऐकवले की तिच्या पायांखालची जमीन सरकते. आणि खरे सांगायचे तर पिशवी काढणे तिलाही सोयीचे वाटते. 'पोरं झाली, आता ती पिशवी काय करायचीय? निदान खाडा तरी पडणार नाही.' तिच्या या बोलण्याला अज्ञान म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण तिच्यापुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत, दुखणे सोसत मजुरी गमवायची किंवा अवयव द्यायचा. तिने हिशेब करून दुसरी निवडली. हिशेब तिचा चुकला नाही, आपण तिला पर्याय दिले नाहीत.

पर्याय खरोखरच आहेत. संसर्गाला औषधे आहेत. जास्त रक्तस्रावाला गोळ्या आहेत, आणि संप्रेरक सोडणारे छोटे साधन गर्भाशयात बसवता येते. १९९० साली फिनलंडमध्ये ते प्रथम वापरात आले आणि त्याने कित्येक बायकांची शस्त्रक्रिया टळली. अंग थोडे उतरले असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत. अमेरिकेतल्या डॉ. केगेल यांनी १९४८ मध्ये ते मांडले आणि त्यांना पैसा लागत नाही. आणि पेसरी अजून आहेच. आता ती सिलिकॉनचे साधे, मऊ कडे आहे. योग्य मापाचे बसवले, ठरल्या वेळी काढून धुतले आणि तपासून घेतले तर कित्येक बायका त्यावर वर्षे काढतात. दुर्लक्ष केले तर मात्र जखम होते, म्हणून ते बसवून विसरून जायचे साधन नाही.

नवे ते सगळे चांगले असेही नाही. अंग वर उचलून धरण्यासाठी योनिमार्गातून बसवायच्या कृत्रिम जाळीचा पाश्चात्त्य देशांत बराच गाजावाजा झाला. पुढे जाळी आत रुतून वेदना होत असल्याच्या तक्रारी हजारोंनी आल्या आणि २०१९ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या कामासाठी तिची विक्री थांबवायला सांगितले. ब्रिटनमध्ये २०२० साली आलेल्या चौकशी अहवालाचे सार एवढेच होते, की बायका वर्षानुवर्षे सांगत होत्या आणि त्यांचे कुणी ऐकले नाही. म्हणजे हा दोष केवळ गरीब देशांचा नाही.

पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया मुळात वाईट नव्हे. कर्करोगात, मोठ्या गाठींत, जीव जाईल अशा रक्तस्रावात ती जीव वाचवते. परंतु तिशी-पस्तिशीतच ती झाली आणि सोबत बीजकोशही काढले, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास अकाली सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात. मोळी उचलायची शक्ती राहावी म्हणून केलेली शस्त्रक्रिया तीच शक्ती घेऊन जाते.

आता काय?

२०१९ नंतर बीडमध्ये या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम झाला. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असा आदेश सर्व राज्यांना दिला. हे आवश्यकच होते. पण परवानगीचा कागद शस्त्रक्रिया रोखतो, दुखणे रोखत नाही. शस्त्रक्रिया नाकारलेली बाई दुखणे घेऊन पुन्हा फडातच जाणार असेल, तर आपण फक्त आकडा कमी केला.

त्यासाठी मागण्या साध्या आहेत. ऊसपट्ट्यातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातला एक दिवस केवळ या दुखण्यांसाठी असावा. तिथे आडोसा, तपासणीचे टेबल, स्पेक्युलम आणि पेसरी असावी, आणि ती बसवणे परिचारिकांना शिकवलेले असावे. फडावर पाणी आणि संडास हवेत. बाळंतिणीला काही आठवडे तरी उचलीतून सूट मिळावी. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवा शोध लागायचा नाही.

आणि हे सगळे फक्त बीडचे आहे असे समजून शहरातल्या वाचकांनी पान उलटू नये. आपल्या घरातली आई, आत्या, सासू, धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशी यांच्यापैकी कुणीतरी बादली उचलायचे टाळत असेल. पुरुषांना विचारायला अवघड वाटत असेल तर लेकीने, सुनेने विचारावे. 'कंबर धरलीय' एवढ्यावर समाधान मानू नये. डॉक्टरांकडे सोबत जावे, आणि पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर घाई नसेल तिथे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. दुसरा काही उपाय आहे का, हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगले डॉक्टर त्या प्रश्नाची वाटच पाहत असतात.